न्हाणीमागचा लव्हाळा

लव्हाळा कुणी मुद्दाम लावतं का? शेतकऱ्याच्या पोराला विचारून बघा. तो आधी तुमच्या तोंडाकडं बघेल आणि मग कपाळावर हात मारून घेईल. खुरपून खुरपून बायकांच्या कंबरा गेल्या, नांगरून नांगरून बैलांच्या माना गेल्या, तरी रानातून जो हलत नाही तो लव्हाळा. आणि सारजाबाई तोच लव्हाळा ओल्या पोत्यात बांधून, तान्ह्या पोराला जपावं तसा जपत, केम स्टेशनातून पॅसेंजरनं सोलापूरला घेऊन निघाली होती.

होळी नुकतीच झाली होती. डब्यात पायाखाली शेंगांची टरफलं, वर गाठोडी, मध्ये माणसं. पोत्यातून चिखलाचं पाणी ठिबकत होतं, ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर ओघळलं.

"मावशे, भाजी हाय का काय पोत्यात? माझं धोतार भिजलं की."

"भाजी न्हाय. लव्हाळा हाय."

"लव्हाळा? आन् त्यो कशाला?"

"लावायला."

झालं! सगळा डबा हसायला लागला. म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "आगं, मग माझ्या रानातला ने की. फुकट देतो, वर चहा पाजतो, पर ने बाई एकदाचा!"

सारजाबाई गप बसणारी नव्हे. "तुमचा तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या. त्यो रानातला बुटका. ह्यो नदीचा हाय, बाईमाणसाच्या डोक्याला लागंल येवढा होतो. चटईचा लव्हाळा हाय ह्यो," असं ठणकावून तिनं पोतं आणखी जवळ ओढलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. तोंड केलं ते बरं केलं, कारण डोळे भरून आले होते आणि लोकांना ते दाखवायची तिला चीड होती.

सारजाबाईचं माहेर भीमेकाठचं, करमाळा तालुक्यातलं टाकेवळण. नदी तिथं बैलाच्या शिंगासारखी वळायची आणि त्या वळणात पाणी संथ व्हायचं. तिथं लव्हाळा माजायचा. नुसता हिरवागार. वारा आला की सगळा एका बाजूला कलायचा आणि पुन्हा उभा राहायचा. सारजा लहान असताना पोरी तिथं म्हशी पाण्यात सोडून द्यायच्या आणि लव्हाळ्याची काडी सोलून तिच्या बांगड्या करायच्या. काडी गोल नसते, तिला तीन धारा असतात. बोटात धरून फिरवली की कळतं. मुळाला एक वास असतो, ओल्या मातीचा आणि थोडा उदबत्तीचा. हा वास ज्यानं लहानपणी घेतला त्याला तो म्हातारपणीही ओळखू येतो.

माघात पाणी उतरलं की बायका इळे घेऊन लव्हाळ्यात उतरायच्या. काड्या कापायच्या, नखानं उभ्या चिरायच्या, वाळूवर वाळत घालायच्या. मग अंगणात खुंट्या ठोकून अंबाडीची सुतळी ताणायची आणि पाण्याचा हबका मारत मारत चटई विणायची. सारजाच्या आईचा हात त्यात असा बसलेला होता की गप्पा मारता मारता चटई पुरी व्हायची आणि गप्पा तशाच राहायच्या.

आणि टाकेवळणाची एक रीत होती. तिथं पोरीची हळद पाटावर लागत नसे. त्या सालच्या लव्हाळ्याची कोरी चटई आईनं विणायची आणि अंथरायची मामानं. पण मामा आला आणि अंथरली, असं चालत नसे. मामानं आधी लव्हाळ्यात उतरायचं, पाय धुवायचे आणि तसंच ओल्या पायानं मांडवापर्यंत यायचं. वाटेवर त्याची ओली पावलं उमटायची. ती वाळायच्या आत चटईवर पोर बसली पाहिजे. सगळं गाव ओरडायचं, "बसवा, बसवा, पावलं वाळली!" आणि नवरी हसत पळत यायची. पुढं ती चटई पोरीबरोबर सासरी जायची, आणि पहिलं बाळ जन्मलं की त्याला आधी तिच्यावरच निजवायचं. सारजाबाईच्या चटईवर तिची सोना निजली होती. ती चटई केव्हाच झिजून गेली, पण सोना आता लग्नाला आली होती.

लग्न होऊन सारजाबाई आली ती सोलापुरात. नवरा धोंडीराम केमचा, शेतकऱ्याचाच पोर, पण भावांत रान पुरेना म्हणून शहरात आलेला. सात रस्त्याला शेतीच्या अवजारांचं एक दुकान होतं, तिथं तो कामाला. दुकानाच्या मागच्या गल्लीत काशम्माच्या आवारात त्यांच्या दोन खोल्या. तो सात रस्ता आताचा नव्हे बरं का! आता तिथं रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घेऊन पाऊल टाकावं लागतं. तेव्हा टांगेवाले घोड्यांच्या तोंडाला चंदीच्या पिशव्या अडकवून भर चौकात डुलक्या काढायचे, सायकलींच्या घंट्या हाच काय तो गोंगाट, आणि संध्याकाळी हॉटेलातल्या रेडिओवर बाजारभाव लागले की चालता माणूस उभा राहून ऐकायचा. दुकानात नवं खुरपं आलं की धोंडीराम ते घरी आणायचा आणि न्हाणीमागच्या बोळात जाऊन गवतावर चालवून बघायचा. "धार बघतो," म्हणायचा. धार कसली बघतोय! रान सुटलं होतं, हात सुटला नव्हता. सुट्टीच्या दिवशी त्या बोळातून खुरप्याचा खरवड खरवड आवाज आला की सारजाबाईला बरं वाटायचं.

आणि मग उजनीचं धरण आलं. टाकेवळण पाण्याखाली जाणार, हे किती वर्षं नुसतं कानावर येत होतं. ऐकून ऐकून लोकांना ते खोटंच वाटायला लागलं होतं. त्या साली मात्र धाकट्या भावाचा, कुंडलिकाचा निरोप आला, "आक्का, येऊन बघून जा. पुना दिसायचं न्हाय."

ती गेली तेव्हा घराची दारं उपसून बैलगाडीत भरली होती. वासे काढल्यामुळं आत ऊन पडलं होतं, चुलीवर ऊन! नवं गावठाण लांब, वर मुरमाड माळावर. वळणावर जाऊन बघते तर नदी कुठली, नुसतं पसरलेलं पाणी. वाढलेला लव्हाळा लोकांनी गावठाणातल्या छपरांसाठी कापून नेला होता आणि उरलेले बुडखे पाण्यात चालले होते. एक काडी चटईच्या कामाची राहिली नव्हती.

कुंडलिक तिच्या शेजारी उभा होता. हा भाऊ म्हणजे अघळपघळ हसणारा, कुणाच्याही लग्नात सगळ्यांत आधी हजर. तो पाण्याकडंच बघत म्हणाला, "आक्का, सोनाचं जमवताय म्हनं. पर हळदीला मी येनार न्हाय. आदीच सांगून ठिवतो."

"का रं बाबा? मामा तू येकटा हायस तिला."

"येऊन पाय कुटं धुऊ?"

सारजाबाईला आधी रडू आलं आणि लगेच राग आला. तिचं असंच असायचं, रडू आलं की मागोमाग राग. "तू ये तर खरं! पाय धुवायचं मी बघती, चटईचं बी मी बघती. म्हनं येनार न्हाय! मेली का काय तुझी आक्का?" आणि तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि खुरप्यानं लव्हाळ्याची ठोंबं मुळासकट उकरायला लागली. कुंडलिक वेड्यासारखा बघत राहिला. मग तोही उतरला. दोघांनी पोतं भरलं.

असं ते पोतं सोलापूरला आलं. धोंडीरामनं ते उघडलं आणि मटकन खाली बसला.

"सारजे, ह्यो लव्हाळा हाय!"

"मला म्हाईत हाय."

"आगं, आमच्या आबानं जलमभर ह्यो उपटला. मरताना सुदीक त्यांनी काय इचारलं? 'धोंड्या, वरच्या पट्टीतला लव्हाळा काडला का?' आन् तू त्यो गाडीत बशिवून आनलास व्हय!"

"सोनाच्या चटईला पायजे. आन् कुंडलिकाला पाय धुवायला पायजे."

धोंडीराम उठला आणि गुमान कुठून कुठून डालड्याचे रिकामे डबे गोळा करून घेऊन आला. नवरा बोलायला तिखट होता, पण मनानं लोण्याचा. डब्यांच्या बुडाला त्यानं खिळ्यानं भोकं पाडली, म्हणजे मुळं कुजायची नाहीत. चांगली काळी माती आणली, त्यात कुजलेलं शेणखत मिसळलं. सारजाबाईनं पोत्यातली सगळ्यांत टपोरी ठोंबं निवडून त्यात लावली. उरलेला चिखल, तुटकी मुळं, गाठी, सगळं न्हाणीत ओतून पोतं खळाखळा धुतलं. पाणी मोरीतून मागच्या बोळात गेलं. त्या बोळाकडं बायका फिरकत नसत. एकदा तिथं साप निघाला होता, तेव्हापासून तो बोळ धोंडीरामचा.

पुढचे दिवस ते डबे म्हणजे घरातलं बाळंतपणच झालं. नळाचं पाणी सकाळी येई तेवढंच, पण पहिला तांब्या डब्यांना. उन्हं चढली की डबे सावलीला, उतरली की पुन्हा बाहेर. घरमालकीण काशम्मा ओट्यावर जपाची माळ घेऊन बसलेली असायची, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि जपापेक्षा आवाराकडंच जास्त लक्ष.

"यव्वा, सारजा! तुळशीला येवढं करत न्हाईस की ग! गवताला दूध पाजनार का आता?"

"पाजीन की, काशम्मा. पिलं तर पाजीन."

आणि कोंब फुटले! हिरवे, टोकदार. सारजाबाईनं गल्लीभर गूळ वाटला. सोनाला लाज वाटली, "आई, गवत उगवलं म्हनून गूळ वाटतात व्हय?" पण सारजाबाई त्या दिवसात जमिनीवरून चालतच नव्हती. केमकडच्या एका घरातून सोनाला बघूनही गेले. मुलगा रेल्वेत लागलेला, माणसं शेतकरी. पसंती झाली.

जेठात एका डब्यातली पाती पिवळी पडली. मग दुसऱ्या. सारजाबाईनं खत वाढवलं. आणखी पिवळी पडली. पाणी वाढवलं तर ते भोकांतून निघून जाई, आणि दुपारपर्यंत डब्याचा पत्रा तव्यासारखा तापलेला असे. जो लव्हाळा नदीच्या गाळात बुडून वाढला, त्याला तिनं शहाण्या लेकरासारखं कोरडं, नीटनेटकं ठेवलं होतं. माया केली, पण ती तुळशीची माया. लव्हाळ्याला लागतो चिखल! हे तिच्या आईला विचारलं असतं तर तिनं हसून सांगितलं असतं. पण आई राहिली नव्हती आणि आईला जिनं हे शिकवलं ती नदीही राहिली नव्हती.

नागपंचमीच्या सुमाराला शेवटचा कोंब वाळला. सारजाबाईनं डबा उपडा केला. मुळं काळी, वाळून दोऱ्यासारखी झालेली. ती तिथंच ओट्याखाली बसली आणि मोठ्यानं रडली. लपवून नाही, गल्लीला ऐकू जाईल अशी.

सोनाला वाईट वाटलं. ती शेजारी बसून म्हणाली, "आई, नको रडू. आता बाजारात पलास्टिकची चटई मिळती की. लाल-हिरवी, फुलं असलेली. तीच घिऊ या."

पोरीनं चांगल्या मनानंच म्हटलं होतं. पण त्या दिवशी सारजाबाई जेवली नाही आणि पुढं कितीतरी दिवस टाकेवळणाचं नावही तिनं काढलं नाही. कुंडलिकाला काय सांगायचं, हा एकच घोर तिला लागला होता. येणार नाही तो, आणि खरंच आला नाही तर त्याला बोल तरी कसा लावायचा?

इकडं धोंडीरामचं चालूच होतं. सुट्टी आली की खुरपं घेऊन बोळात. खरवड, खरवड. त्या पावसाळ्यात काशम्मा त्याच्या मागंच लागली होती. "धोंडीराम, मागं लई गवत माजलंय की रे. डास होतेत. काड बाबा." आणि धोंडीराम काढायचा. पुन्हा उगवायचं. पुन्हा काढायचा. बापाच्या रक्ताचाच गुण तो! उगवलेलं दिसलं की हात आपोआप जायचा, डोळे काय बघताहेत ते डोक्यापर्यंत पोचायचंच नाही.

मग आला दसरा. दसऱ्याआधी घरातलं हरएक चिरगुट धुवायचं, ही आपल्याकडची रीत. सारजाबाईनं सगळ्या गोधड्या काढल्या, दगडावर आपटल्या आणि न्हाणीच्या भिंतीवर वाळत टाकल्या. त्यातली एक, सगळ्यांत जड, घसरली आणि पलीकडं बोळात पडली. आता सापाला भ्यावं का गोधडीला मुकावं? धोंडीराम दुकानात. सारजाबाईनं हातात काठी घेतली, ती आपटत आपटत बोळात शिरली.

मोरीच्या तोंडाशी सांडपाण्याचं डबकं होतं, काळ्या गाळाचं. त्याच्या कडेला नुकतंच खुरपलेलं दिसत होतं आणि गाळातून हिरवी टोकं पुन्हा वर आली होती. भिंतीला लागून उपटलेल्या गवताचा ढीग वाळत पडला होता, थरावर थर. तिनं गोधडी उचलली. गोधडीला एक वाळकी काडी चिकटली होती. ती झटकायला म्हणून तिनं काडी बोटात धरली.

काडीला तीन धारा होत्या.

सारजाबाईनं ती पुन्हा फिरवून बघितली. मग काठी टाकली, साप विसरली आणि त्या घाण गाळात हात घालून एक मूळ ओढलं. नाकाला लावलं. सांडपाण्याची दुर्गंधी येत होती खरी, पण तिच्या आतून, अगदी आतून, तोच वास. ओल्या मातीचा, आणि थोडा उदबत्तीचा.

संध्याकाळी धोंडीराम घरी आला तेव्हा बायको दारात उभी. एका हातात वाळका भारा, दुसऱ्या हातात त्याचं खुरपं.

"ह्ये काय हाय?"

"गवात हाय. मागलं."

"गवात? शेतकऱ्याचा पोर म्हनवता, आन् गवात? लव्हाळा हाय ह्यो! माझ्या म्हायेरचा! पोतं धुतलं त्यातनं लागला, आन् मी हितं डब्याम्होरं रडत बसले, आन् तुमी तिकडं सुट्टी सुट्टीला माझं म्हायेर खुरपत व्हता! सरकारनं ते बुडीवलं, तुमी उपटलं! कुटं ठिवू मी ह्येला, सांगा की!"

तोंडाचा पट्टा असा सुटला की गल्लीतले लोक दारात आले. धोंडीरामनं काडी हातात घेतली, बोटात फिरवली. त्याचा चेहरा उतरला. सुट्टी सुट्टीला बघत होता, उपटत होता, लव्हाळा आहे हे हाताला कळत होतं म्हणून जास्तच जोरानं उपटत होता. लव्हाळा दिसला की उपटायचा, एवढंच त्याला लहानपणापासून ठाऊक. आपल्या बायकोनं ज्याच्यासाठी जीव टाकला तो हाच, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो उंबऱ्यावर बसला. मग हळूच म्हणाला, "सारजे, एक सांगू का?"

"काय?"

"आमच्या आबाच्यानं जलमभर मेला न्हाय. माझ्यानं मरतोय व्हय?"

सारजाबाईला हसू आलं. रागातच आलं, पण आलं. आणि हसता हसता ती पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी खुरपं दुकानात परत गेलं. ज्या बोळात धोंडीरामनं एक पातं उभं राहू दिलं नव्हतं, तिथं त्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि मोरीच्या पाण्याला विटा लावून बांध घातला, म्हणजे गाळ ओला राहावा. काशम्मा कंबरेवर हात ठेवून बघत होती. "अय्यय्यो, डास होतेत म्हनून काडायला सांगितलं, तर ह्यो कुंपन घालतोय! मोरी हाय का मळा हाय?" पण दोन दिवसांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी जरा जास्तच ओतायला लागली, असं म्हणतात. ती ते कधी कबूल करायची नाही.

लव्हाळा उठला. उपटून उपटून मुळं अशी पसरली होती की पहिल्यापेक्षा दाट उठला. माघापर्यंत धोंडीरामच्या छातीला आला, टाकेवळणाएवढा उंच मात्र नाही. सारजाबाईनं तो इळ्यानं कापला, चिरला, गच्चीवर वाळवला. पण चटईला पुरेना. मग धोंडीरामनंच भिंतीकडचा तो उपटलेला वाळका ढीग आणून पुढं ठेवला. वरचा कुजला होता, खालचा चांगला निघाला. आखूड होत्या काड्या, तुटक्या होत्या, पण सांधून सांधून मधल्या पट्ट्यात बसल्या. आईच्या हातची चटई एकसारखी असायची. सारजाबाईची मध्ये जरा गडद, कडेला फिकी झाली. सोना रोज संध्याकाळी पाण्याचा हबका मारायला बसायची, सारजाबाई तिला ओल्या पावलांची ती रीत सांगायची आणि ओट्यावरून काशम्माही कान देऊन ऐकायची. प्लास्टिकच्या चटईचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

फाल्गुनात हळद होती. काशम्माचं आवार घासून, पाणी मारून लख्ख केलेलं. टाकेवळणाची माणसं आली होती, पण कुणी या गावठाणातून, कुणी त्या. कुंडलिक आला. आला तो भाचीसाठी, आणि आक्कानं निरोपात भांडणाची धमकी दिली म्हणून. वाळला होता. ते अघळपघळ हसणं कुठं राहिलं होतं कोण जाणे. पागोटं मांडीवर घेऊन तो कोपऱ्यात बसला आणि चटईकडं नुसता बघत राहिला.

चटईबद्दल सारजाबाईनं निरोपात एवढंच कळवलं होतं, की ती झाली. लव्हाळा कुठं आला ते कळवलं नव्हतं. कसं कळवणार? पाय धुवायचं मी बघते म्हणाली होती, आणि काय दाखवायचं, तर न्हाणीची मोरी! तिनं पितळेच्या घंगाळात पाणी काढून, त्यात लव्हाळ्याच्या चार काड्या टाकून ठेवल्या होत्या. घंगाळात पाय धुवून घेईल बिचारा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

हळद वाटून झाली. वाजंत्री लागली. आणि मामा कुठं आहे म्हणून बघतात, तर कोपऱ्यात पागोटं, मामा नाही. गेला का उठून? ती दारापर्यंत पळाली, गल्लीत बघितलं. धोंडीराम आला आणि तिच्या हाताला धरून न्हाणीकडं घेऊन गेला. "लव्हाळा कुटं लावला म्हनून इचारलं त्यानं," म्हणत त्यानं बोळाकडं बोट केलं.

बोळाच्या तोंडाशी कुंडलिकाच्या वहाणा काढून ठेवलेल्या. त्यांच्या शेजारी आणखी वहाणा, जुनी पायताणं. टाकेवळणाचे म्हातारे एकामागं एक तिथं येऊन उभे राहिले होते. काट्यांचं कुंपण बाजूला केलेलं. आणि कुंडलिक धोतर वर धरून त्या काळ्या गाळात, कापलेल्या बुडख्यांतून नुकत्याच वर आलेल्या हिरव्या लव्हाळ्यात घोट्यापर्यंत उभा होता.

"कुंडलिका! आरं, न्हाणीचं पानी हाय त्ये! घंगाळ ठिवलंय तुझ्यासाठी, ये भाईर!"

त्यानं वर बघितलं. तोंड रडवेलं होतं आणि तरी तो हसत होता, तेच जुनं, अघळपघळ.

"आसू दे गं आक्का. लव्हाळा हाय न्हवं?"

त्यानं वाकून ओंजळीनं पाय धुतले. मग तसाच बाहेर आला, कुणाकडं न बघता आवारात शिरला. काशम्माच्या लख्ख फरशीवर काळी, चिखलाची, ओली पावलं उमटत गेली, थेट मांडवापर्यंत. त्यानं चटई उचलली, छातीशी धरून एकदा वास घेतला आणि अंथरली.

काशम्मा ओट्यावरून पावलांकडं बघत होती. सगळ्यांना वाटलं, आता बाई तोंड सोडणार. तिनं माळ बाजूला ठेवली, आणि सगळ्यांच्या आधी तीच ओरडली,

"आगं, बसवा की ग पोरीला! पावलं वाळली!"